सेंटओएस ६ आणि ७ वर नवीन जीसीसी सोर्सपासून बिल्ड करायचा तर कसा, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे एका मोजमापाच्या यंत्राला जोडलेलं मशीन आहे, त्यावर सेंटओएस ६ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. यंत्राच्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त त्याच कर्नलवर (ओएसचा गाभा) चालतो, म्हणून ओएस बदलायचा विषयच नाही, आणि डेटा वाचायचा नवीन कोड मात्र सी++१७ मधे, म्हणजे सी++ च्या २०१७ च्या नियमांप्रमाणे लिहिलेला, तो मशीनवरच्या जुन्या जीसीसीला (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) कळत नाही. असं मशीन बऱ्याच लॅबमधे, कारखान्यात, हॉस्पिटलात असतं, आणि ते सांभाळायचं काम कुणा नवीन माणसाकडे येतं, त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. त्या माणसासाठी हे लिहितोय. कमांड आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग टाकायचं, बाकी सगळं जसंच्या तसं.

आधी मशीनवर काय आहे ते बघा. सेंटओएस ६ असेल तर कर्नल २.६.३२, जीलिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) २.१२ आणि जीसीसी ४.४.७. सेंटओएस ७ असेल तर कर्नल ३.१०, जीलिबसी २.१७ आणि जीसीसी ४.८.५. सहाचा सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, सातचा ३० जून २०२४ ला. जीसीसीचं व्हर्जन "जीसीसी डॅश डॅश व्हर्जन" ने दिसतं, जीलिबसीचं "एलडीडी डॅश डॅश व्हर्जन" ने. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागणारेत.

आता मुख्य गोष्ट. कंपायलर बिल्ड करायला कंपायलर लागतो, दही लावायला विरजण लागतं तसंच. आणि विरजण फार जुनं असेल तर दही लागत नाही. जीसीसीचा स्वतःचा सोर्स आधी सी मधे होता, ४.८ पासून (हे २०१३ चं व्हर्जन) तो बिल्ड करायला सी++ कंपायलर लागायला लागला, पण साधा सी++९८ चालायचा. जीसीसी ११ पासून सी++११ येणारा कंपायलर लागतो, म्हणजे निदान ४.८ च्या शेवटच्या व्हर्जनांपैकी एखादा. आणि जीसीसी १५ पासून सी++१४ लागतं, म्हणजे जीसीसी ५.४ किंवा पुढचा. याचा अर्थ असा की सेंटओएस ६ च्या ४.४.७ ने तुम्ही थेट १५ बिल्ड करू शकणारच नाही, कितीही पर्याय बदलून बघा, आणि नवीन माणसं नेमकी तिथेच तीन-तीन दिवस घालवतात कारण एरर कुठल्यातरी आतल्या फाइलमधला येतो आणि त्यात "तुमचा कंपायलर जुना आहे" असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नसतं.

म्हणून शिडी ठरवा. सेंटओएस ६ साठी माझी शिडी अशी: ४.४.७ ने १०.५ बिल्ड करायचा (दहा ही सी++९८ वर चालणारी शेवटची मालिका, आणि १०.५ हे तिचं शेवटचं व्हर्जन), मग १०.५ ने पाहिजे तो, १३ घ्या, १४ घ्या, १५ घ्या. दोनच पायऱ्या. १०.५ वर काही केल्या अडलात तर मधे ४.९.४ ची एक पायरी घाला, तो लहान आहे, लवकर होतो. सेंटओएस ७ वर ४.८.५ आहेच, त्याने १४ पर्यंत थेट जाता येतं, फक्त १५ हवा असेल तर मधली एक पायरी लागते.

त्याआधी एक विचारून घेतो, सोर्सपासून बिल्ड करायची खरंच गरज आहे का? सेंटओएस ७ वर डेव्हटूलसेट नावाची तयार पॅकेजेस होती, डेव्हटूलसेट ११ मधे जीसीसी ११ मिळतो, आता ती वॉल्टमधे, म्हणजे जुन्या पॅकेजच्या साठ्यात आहेत. तुम्हाला ११ पुरत असेल तर तेच घ्या, तासाभरात काम होईल. त्याहून नवीन हवा असेल, किंवा मशीनला इंटरनेटच नसेल, तर पुढे वाचा.

काय अजिबात करायचं नाही

सिस्टिमचा जीसीसी काढायचा नाही, त्याच्यावर नवीन टाकायचा नाही. नवीन कंपायलर नेहमी वेगळ्या फोल्डरमधे, मी "ऑप्ट" खाली प्रत्येक व्हर्जनचं वेगळं फोल्डर करतो. नको झाला की ते फोल्डर डिलीट, बाकी मशीन होतं तसंच.

आणि जीलिबसीला हात लावायचा नाही. हे मी जीव तोडून सांगतोय. एखादा तयार प्रोग्रॅम चालवायला गेलात की "जीलिबसी २.१४ नॉट फाउंड" असा एरर येतो आणि मग वाटतं की नवीन जीलिबसी बिल्ड करून सिस्टिमच्या "लिब६४" मधे टाकू. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, एलएस, सीपी, बॅश, एसएसएच, सगळे त्या एका फाइलवर उभे असतात. मी एकदा तिथली लिंक बदलली आणि पुढच्या क्षणी एलएस सुद्धा चालेना, लिंक परत फिरवायला एलएन कमांड पाहिजे तर तीही त्याच फाइलवर अवलंबून. त्या दिवशी वाचलो ते "एसबिन" मधल्या एसएलएन मुळे, हा एलएनचाच छोटा भाऊ आहे, पण स्टॅटिक लिंक केलेला, म्हणजे त्याला कुठलीच बाहेरची लायब्ररी लागत नाही, तो नेमका अशाच वेळेसाठी ठेवलेला असतो. तो माहीत नसता तर रेस्क्यू सीडी शोधत बसावं लागलं असतं. शिवाय जीलिबसी २.२६ पासून कर्नल निदान ३.२ लागतो, त्यामुळे सेंटओएस ६ च्या २.६.३२ वर नवीन जीलिबसी टाकली तरी "कर्नल टू ओल्ड" म्हणून सगळं जागच्या जागी थांबतं. नवीन जीसीसीला नवीन जीलिबसी लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जुन्या जीलिबसीवर नवीन कंपायलर व्यवस्थित चालतो.

मशीनची तयारी

तारीख बघा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असते आणि घड्याळ मागे पडलेलं असतं, मग मेक (सोर्सपासून बिल्ड करणारी कमांड) "क्लॉक स्क्यू" म्हणून ओरडतो, फाइल भविष्यातली आहे म्हणतो आणि नको त्या फाइल परत परत बनवत बसतो. आधी डेट कमांडने तारीख नीट करा.

डिस्कवर निदान १० जीबी मोकळी ठेवा. रॅम ४ जीबी पेक्षा कमी असेल तर डीडी ने ४ जीबीची फाइल करून एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन करून घ्या (म्हणजे रॅम कमी पडली तर ती फाइल वापरली जाते), आत्ताच, नंतर नाही.

यम (पॅकेज आणून इन्स्टॉल करणारी कमांड) चालत नसेल तर घाबरू नका, मशीनमधे बिघाड नाहीये, सपोर्ट संपल्यावर पॅकेज मूळ जागेवरून हलवली गेली. "ईटीसी" मधल्या "यम.रेपोज.डी" फोल्डरमधल्या फाइलींत मिररलिस्टची ओळ बंद करा, बेसयूआरएलची ओळ उघडा आणि तिच्यात मिररच्या जागी वॉल्ट लिहा, सहासाठी ६.१० आणि सातसाठी ७.९.२००९ हे फोल्डर. मशीनला नेटच नसेल तर इन्स्टॉलची डीव्हीडी शोधा, जीसीसी, जीसीसी-सी++, मेक आणि जीलिबसी-डेव्हल ही पॅकेज त्यात असतात, तेवढी पुरतात.

आणि कृपा करून, सपोर्ट संपलेलं मशीन डाउनलोड करायला म्हणून थेट इंटरनेटला जोडू नका. त्यातले सुरक्षेचे दोष आता कोणी दुरुस्त करत नाही.

सोर्स आणायचा तर कसा

दुसऱ्या, नव्या मशीनवर डाउनलोड करा. जुन्यावर एचटीटीपीएस साइट उघडताना सर्टिफिकेटचे एरर येतात, कारण मशीनमधली सर्टिफिकेटं जुनी आहेत. ३० सप्टेंबर २०२१ ला एक खूप वापरात असलेलं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि त्या दिवशी जगभरची जुनी ओपनएसएसएल असलेली मशीनं अर्ध्या इंटरनेटशी बोलेनाशी झाली. लोक मग डब्ल्यूगेटला (डाउनलोडची कमांड) सर्टिफिकेट तपासूच नको असं सांगून मोकळे होतात. कंपायलरच्या बाबतीत असं करू नका, याच कंपायलरने तुम्ही पुढचं सगळं बनवणार आहात.

रिलीजचा टारबॉल (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल) घ्या, गिटवरून क्लोन करू नका, कारण टारबॉलमधे फ्लेक्स वगैरे लागणाऱ्या फाइली आधीच बनवून ठेवलेल्या असतात, गिटमधे नसतात आणि मग जुन्या मशीनवर ती सगळी टूल्स गोळा करावी लागतात. टारबॉलसोबत एसएचए५१२ ची यादी मिळते, तिच्याशी जुळतो का ते एसएचए५१२सम ने बघा.

जीसीसीला तीन गणिती लायब्ररी लागतात: जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी. आयएसएल ही चौथी नसली तरी चालते. या वेगवेगळ्या बिल्ड करून इन्स्टॉल करत बसू नका. जीसीसीच्या सोर्समधे "कॉन्ट्रिब" फोल्डरात "डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स" नावाची स्क्रिप्ट आहे, ती सोर्सच्या मुख्य फोल्डरमधून चालवायची, ती त्या व्हर्जनला चालणाऱ्या लायब्ररी आणून सोर्समधेच ठेवते, मग त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होतात. ही स्क्रिप्टसुद्धा नव्या मशीनवरच चालवा.

आता पेनड्राइव्ह. इथे मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय. सोर्सचं फोल्डर उघडंच पेनड्राइव्हवर कॉपी करू नका. पेनड्राइव्ह बहुतेक एफएटी३२ असतो, त्यावर लिनक्सच्या सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक, टिकत नाहीत (ती स्क्रिप्ट सिमलिंकच बनवते), फाइलींच्या परवानग्या जातात, आणि साध्या कॉपीने फाइलींच्या वेळा बदलतात. वेळा बदलल्या की मेकला वाटतं की कॉन्फिगरच्या (मशीन तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) फाइली जुन्या झाल्या, तो त्या परत बनवायला जातो आणि "एसीलोकल इज मिसिंग ऑन युअर सिस्टिम" असा एरर येतो, आणि माणूस ऑटोमेक शोधत फिरतो ज्याची मुळात काही गरजच नव्हती. सगळं फोल्डर टार करून एका फाइलमधे बांधा, ती एक फाइल पेनड्राइव्हवर न्या, जुन्या मशीनवर लिनक्सच्याच डिस्कवर उघडा. एवढंच.

कॉन्फिगर

सोर्सच्या फोल्डरमधे बिल्ड करायचं नाही. शेजारी एक रिकामं फोल्डर करा, त्यात जा, आणि तिथून सोर्सच्या फोल्डरमधला कॉन्फिगर चालवा. काही बिघडलं तर ते बिल्ड फोल्डर पूर्ण डिलीट करून पहिल्यापासून सुरू करता येतं, सोर्स स्वच्छ राहतो. पर्याय बदलून परत कॉन्फिगर करायचं असेल तर दर वेळी फोल्डर नवीनच घ्या, जुन्या फोल्डरमधल्या अर्धवट गोष्टी विचित्र एरर देतात.

त्याआधी एनव्हायर्नमेंट साफ करा. एलडी_लायब्ररी_पाथ, लायब्ररी_पाथ, सी_इन्क्लूड_पाथ, सीप्लस_इन्क्लूड_पाथ, हे चारही अनसेट. कोणीतरी बॅशआरसी मधे (टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) पाथच्या शेवटी एक रिकामा कोलन सोडलेला असतो, त्याचा अर्थ "चालू फोल्डर" असा होतो, आणि मग कॉन्फिगर सरळ सांगतो की लायब्ररी_पाथ मधे चालू फोल्डर असू नये.

पर्याय चारच लागतात. प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल कुठे करायचं, उदाहरणार्थ ऑप्टमधलं जीसीसी-१०.५. एनेबल-लँग्वेजेस मधे फक्त सी आणि सी++ द्या, फोरट्रान खरंच लागत असेल तर तेवढं वाढवा, सगळ्या भाषा नको, वेळ फुकट जातो. डिसेबल-मल्टिलिब, हा विसरू नका, नाहीतर तो ३२ बिटच्या लायब्ररीसुद्धा बनवायला जातो, आणि ३२ बिटचं जीलिबसी नसेल तर "स्टब्स-३२.एच" सापडत नाही म्हणून अडतो. चौथा डिसेबल-लिबसॅनिटायझर, हा भाग कर्नल आणि जीलिबसीच्या आतल्या रचनांशी फार जवळून बोलतो, सेंटओएस ६ च्या जुन्या हेडरवर तो बऱ्याचदा कंपाइल होत नाही. सातवर आधी तो ठेवून बघितला तरी हरकत नाही.

मेक

आता मेक. डॅश जे (एका वेळी किती जॉब चालवायचे) नंतर किती आकडा द्यायचा हे कोअरवर नाही, रॅमवर ठरवा. माझा हिशोब एका जॉबला साधारण १ जीबी धरायची असा आहे. ४ कोअर आणि २ जीबी रॅम असेल तर २ द्या.

हे मेक कंपायलर एकदा नाही, तीनदा बनवतं, आणि का ते समजून घेतलं तर वाट बघताना त्रास होत नाही. पहिल्या टप्प्यात तुमचा जुना ४.४.७ नवीन जीसीसी बनवतो. दुसऱ्या टप्प्यात तो नवा जीसीसी स्वतःचाच सोर्स परत कंपाइल करतो. तिसऱ्यात दुसऱ्या टप्प्यातला कंपायलर तेच परत करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या फाइली बाइट-बाइट जुळवून बघतो. एकाच सोर्सपासून, एकाच कंपायलरच्या दोन पिढ्यांनी बनवलेलं सारखंच निघालं पाहिजे ना, निघालं म्हणजे जुन्या कंपायलरची कुठलीही चूक नव्यात उतरलेली नाही हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. मला या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. वेळ वाचवायला डिसेबल-बूटस्ट्रॅप (तीनदा बनवणं टाळणारा पर्याय) देता येतं, पण फार जुन्या कंपायलरवरून येताना पहिल्या पायरीवर तरी ते देऊ नका.

जुन्या ड्युअल कोअर मशीनवर याला बरेच तास लागतात, म्हणून स्क्रीन नावाच्या कमांडमधे चालवा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी काम चालू राहतं, आणि आउटपुट टी कमांडने एका फाइलमधे साठवा. लाइट गेली तरी सगळं पहिल्यापासून करायला लागत नाही, परत मेक दिलं की तो जिथे होता तिथून पुढे जातो, फक्त अर्धवट लिहिलेली एखादी रिकामी ऑब्जेक्ट फाइल राहिली असेल तर ती हुडकून काढून टाका, नाहीतर लिंक करताना ती आडवी येते.

अडलं तर

पहिली सवय ही लावा की शेवटची ओळ वाचून गूगल करायचं नाही. शेवटी नेहमी "मेक: एरर २" असंच असतं, त्यातून काही कळत नाही, आणि डॅश जे मुळे खरा एरर शंभर-दोनशे ओळी वर राहतो. साठवलेल्या फाइलमधे "एरर" आणि पुढे कोलन असं शोधा आणि पहिला जो सापडेल तो वाचा.

"कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स" हा एरर फार जणांना येतो आणि नाव वाचून काहीच बोध होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की नुकताच बनलेला कंपायलर चालूच शकला नाही. बिल्ड फोल्डरमधे एक्स८६_६४ ने सुरू होणारं एक फोल्डर असतं, त्यात लिबजीसीसी, त्यात कॉन्फिग.लॉग, खरं कारण तिथे लिहिलेलं असतं. नव्व्याण्णव वेळा कारण हे की कोणीतरी जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी वेगळ्या फोल्डरात इन्स्टॉल केल्या आणि आता चालताना त्या सापडत नाहीत. म्हणूनच वरची स्क्रिप्ट वापरा म्हणालो.

"किल्ड" आणि सीसी१प्लस असं दिसलं तर रॅम संपलीये, डीमेसेज मधे "आउट ऑफ मेमरी" दिसेल. स्वॅप वाढवा, जॉब कमी करा, परत मेक.

कंपायलर मधेच सेगमेंटेशन फॉल्टने पडतो आणि दर वेळी वेगळ्या फाइलवर पडतो, परत मेक दिलं की पुढे सरकतो, असं झालं तर सोर्समधे किंवा पर्यायात चूक शोधू नका. जीसीसी स्वतःच तेव्हा सांगतो की हा दोष परत घडवता येत नाही, हार्डवेअरचा असावा. रॅम खराब आहे किंवा प्रोसेसर तापतोय. पंख्यावरची दहा वर्षांची धूळ काढा, मेमटेस्ट रात्रभर चालवा. तासन् तास सगळे कोअर पूर्ण चालवणारं असं काम त्या मशीनने कित्येक वर्षांत केलेलं नसतं.

मेकइन्फो नाही म्हणून वॉर्निंग आली तर सोडून द्या, ते फक्त मॅन्युअल बनवायला लागतं.

इन्स्टॉल आणि पहिला प्रोग्रॅम

मेक इन्स्टॉल-स्ट्रिप द्या, नुसत्या इन्स्टॉलपेक्षा डिस्कवर खूप कमी जागा घेतो. मग पाथमधे नव्या फोल्डरचं बिन सगळ्यात पुढे टाका, पण फक्त त्या टर्मिनलपुरतं, सगळ्या युजरसाठी नाही. एक छोटी फाइल करून ठेवा आणि लागेल तेव्हा ती सोर्स कमांडने चालवा.

एक छोटा सी++१७ प्रोग्रॅम कंपाइल करा. कंपाइल होईल. चालवायला गेलात की "जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४ अमुक नॉट फाउंड". इथे बरेच जण समजतात की बिल्ड फसला. फसलेला नाही. प्रोग्रॅम चालताना सिस्टिम आपल्या "यूएसआर लिब६४" मधली जुनी सी++ लायब्ररी उचलते, ४.४.७ च्या लायब्ररीत हा आकडा ३.४.१३ पर्यंतच जातो, ४.८.५ च्यात ३.४.१९, आणि जीसीसी १० ने बनवलेला प्रोग्रॅम ३.४.२८ पर्यंत काहीही मागू शकतो. नवी लायब्ररी तुमच्या प्रिफिक्सच्या लिब६४ मधे आहेच, फक्त तिचा पत्ता प्रोग्रॅमला माहीत नाही.

यावर तीन उपाय आहेत. प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालणार असेल तर लिंक करताना आरपाथ द्या, म्हणजे पत्ता प्रोग्रॅमच्या आतच लिहिला जातो, मी नेहमी हेच करतो. दुसऱ्या जुन्या मशीनवर न्यायचा असेल तर स्टॅटिक-लिबस्टडीसी++ आणि स्टॅटिक-लिबजीसीसी हे दोन पर्याय द्या, फाइल थोडी मोठी होते पण जीलिबसी तेवढीच किंवा त्याहून नवी असलेल्या मशीनवर नेऊन ठेवा, चालते. तिसरा एलडी_लायब्ररी_पाथ, तो तात्पुरत्या चाचणीला ठीक आहे पण बॅशआरसी मधे कायमचा लिहून ठेवू नका, उद्या त्याच फोल्डरात कोणी दुसरी एखादी लायब्ररी टाकली की यम नाहीतर दुसरंच काही पडायला लागतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

यंत्राच्या कंपनीने दिलेली जुनी लायब्ररी लिंक करायची असेल तर आणखी एक गोष्ट येते. जीसीसी ५ मधे, २०१५ ला, सी++ च्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली, त्यामुळे ४.४ ने बनवलेल्या लायब्ररीशी नवा कोड जोडताना "अनडिफाइन्ड रेफरन्स" येतो आणि त्यात "सीएक्सएक्स११" असं दिसतं. उपाय एका ओळीचा आहे, तुमचा कोड कंपाइल करताना जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय (सुरुवातीला एक अंडरस्कोर लावून) हा मॅक्रो शून्य ठेवा. जुनी रचना नव्या लायब्ररीत अजून जपून ठेवलेली आहे. कंपनीचा सोर्स नसताना आमचं काम याच एका ओळीने वाचलं.

दुसरी पायरी, आणि असेंब्लर

आता १०.५ हातात आहे, पण १४ किंवा १५ वर जायच्या आधी बिनयुटिल्स बघा, म्हणजे कंपायलरचं आउटपुट मशीनच्या भाषेत आणणारा असेंब्लर आणि त्याच्या जोडीची टूल्स. सेंटओएस ६ चा असेंब्लर २.२० च्या काळातला आहे, नंतर आलेले प्रोसेसरचे इन्स्ट्रक्शन त्याला ओळखताच येत नाहीत, "नो सच इन्स्ट्रक्शन" म्हणतो. मी १०.५ ने बिनयुटिल्स २.३८ बिल्ड करतो, त्याच्या पुढच्या २.३९ पासून जीप्रॉफएनजी नावाचं एक टूल आत आलंय, त्याला जास्त गोष्टी लागतात, ते नको असेल तर डिसेबल-जीप्रॉफएनजी द्यावं लागतं. बिनयुटिल्स त्याच प्रिफिक्समधे इन्स्टॉल करा जिथे नवा जीसीसी जाणार आहे, आणि पाथमधे पुढे ठेवा, म्हणजे कॉन्फिगरला तोच सापडेल.

मग नवीन बिल्ड फोल्डर, सीसी आणि सीएक्सएक्स या व्हेरिएबलमधे १०.५ च्या कंपायलरचे पूर्ण पत्ते, बाकी पर्याय तेच, आणि परत मेक. यावेळी अडचणी कमी येतात. फक्त बिल्ड चालू असताना १०.५ चं फोल्डर हलवू नका. नवा पूर्ण झाला, त्याने दोन-चार प्रोग्रॅम चालवून बघितले, की मग १०.५ काढला तरी चालेल, मी ठेवतो.

नव्या कंपायलरने जुना कोड कंपाइल करताना दोन धक्के बसतात ते आधीच सांगतो. जीसीसी ११ पासून डीबगची माहिती ड्वॉर्फ ५ या फॉरमॅटमधे लिहिली जाते, सिस्टिमच्या जुन्या जीडीबी या डीबगरला ती वाचता येत नाही, तर डॅश जीड्वॉर्फ-४ द्या. आणि जीसीसी १४ पासून डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर सी मधे वॉर्निंग नाही, सरळ एरर येतो, आणि १५ मधे तर सी२३ हेच डिफॉल्ट आहे. जुन्या कोडला एसटीडी पर्यायाने जीएनयू१७ नाहीतर सरळ जीएनयू८९ सांगा.

जुनं मशीन फारच हळू असेल तर

जुनं मशीन सातचं असेल तर नव्या मशीनवर डॉकरमधे (एका मशीनच्या आत दुसरी लिनक्स चालवायची सोय) सेंटओएस ७ ची इमेज घ्या, आतमधे हेच सगळं करा, आणि तयार झालेलं ऑप्टमधलं फोल्डर टार करून जुन्यावर न्या, दोन्हीकडे पत्ता तोच ठेवा. दोन्हीकडे जीलिबसी २.१७ च असल्यामुळे ते चालतं. जुन्या जीलिबसीवर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही, पायथॉनची मॅनीलिनक्स२०१४ नावाची तयार पॅकेजेस सेंटओएस ७ वर बनवायची पद्धत याच कारणाने पडली.

सहाची इमेज मात्र नव्या कर्नलवर बॅश सुरू होतानाच सेगफॉल्ट देऊ शकते. तिची जीलिबसी व्हीसिसकॉल नावाची जुनी सोय वापरते जी बऱ्याच नव्या कर्नलमधे बंद असते, नव्या मशीनच्या बूटच्या ओळीत "व्हीसिसकॉल=इम्युलेट" लिहिलं की सुरू होते. आणि डॅश मार्च=नेटिव्ह (बिल्ड होतंय त्याच प्रोसेसरसाठी खास कोड बनवणारा पर्याय) कुठेही लिहू नका, जीएमपी सोर्समधल्या स्क्रिप्टनेच घ्या, कारण वेगळी बिल्ड केलेली जीएमपी ज्या प्रोसेसरवर बनते त्याच्यासाठीच स्वतःला बेतते आणि जुन्या मशीनवर गेल्यावर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" देऊन बसते. वेगळीच करायची असेल तर तिला एनेबल-फॅट द्या.

क्लँग (एलएलव्हीएम प्रकल्पातला दुसरा सी++ कंपायलर) हवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात: एलएलव्हीएम १६ पासून सी++१७ आणि निदान जीसीसी ७ लागतो, शिवाय नवा सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) आणि पायथॉन ३, म्हणजे वरचं सगळं करून जीसीसी १० हातात आल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका. रस्ट भाषा वापरणाऱ्यांनी हे बघा की १.६४ पासून त्याला जीलिबसी २.१७ आणि कर्नल ३.२ लागतो, म्हणजे सातवर चालेल, सहावर नाही.

शेवटी, ऑप्टमधल्या त्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कुठल्या टारबॉलपासून, कुठल्या कंपायलरने, कुठल्या पर्यायांनी, कुठल्या तारखेला बिल्ड केला. कॉन्फिगर चालवल्याची पूर्ण ओळ "जीसीसी डॅश व्ही" मधे दिसते, ती तिथे चिकटवा, आणि टारबॉलची एक प्रत त्याच मशीनवर ठेवून द्या.